कणभर वर

८ जानेवारी

ताई,

तुझा फोन बंद आहे की मला ब्लॉक केलंयस? खरं सांग, मी रागावणार नाही. रागावले तरी तुला कळणार कसं! शेवटी माझ्या आईच्या मागे भुणभुण लावून तुझा पत्ता काढला. शाळा सुटल्यापासून हाताने एवढं कधी लिहिलेलं नाही, त्यात शाळा इंग्लिश मीडियमची. हसायचं असेल तर आत्ताच एकदा हसून घे आणि पुढे वाच, कारण बातमी मोठी आहे.

मावशीला काम मिळालं!

चार वर्षांनी! आणि कुठल्या शाळेच्या गॅदरिंगमधे वगैरे नाही, ऑपेरा हाऊसच्या मोठ्या स्टेजवर. नवा ऑपेरा आहे. तिला रस्त्याकडेच्या लॉजच्या म्हाताऱ्या मालकिणीचा रोल दिलाय. शेवटच्या अंकात सगळी गिऱ्हाईकं निघून जातात आणि ती एकटी एकेका खोलीतला दिवा बंद करत फिरते. तेव्हा ती गाते, आणि ऑर्केस्ट्रा गप्प असतो. पूर्ण गप्प. एक व्हायोलिनसुद्धा नाही. मोठं गाणं आहे, चांगलं लांबलचक. अगदी शेवटचा सूर ती धरून ठेवते आणि त्या सुराखाली सगळा ऑर्केस्ट्रा एकदम येतो. मी नुसता कागद वाचला तर माझ्या अंगावर काटा आला. मावशीने कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "हे मी गाऊन मरेन." मग म्हणाली, "चहा टाक."

तू म्हणशील भोंगा नेहमीसारखी वाहवत चालली. हो, मी अजून भोंगाच आहे. सगळ्या घरात एकच बेसूर आणि तिचाच आवाज सगळ्यात मोठा. पण आता मी ऑपेरा हाऊसमधे नोकरी करते, माहितीये? स्टेजच्या वर जी स्क्रीन असते ना, गाण्याचा अर्थ दाखवणारी, त्या ओळी मी पुढे ढकलते. मागे काचेच्या केबिनमधे बसते आणि बटण दाबते. गाता येत नाही, पण गाण्याच्या एवढ्या जवळ बसायचे पैसे मिळतात, अजून काय पाहिजे! दुपारी मावशीच्या रियाजाला पियानो वाजवते. बरा वाजवते.

आणि राहते मावशीकडेच, तुझ्या खोलीत. सॉरी, आधी विचारायला हवं होतं. कपाटाच्या वरच्या फळीला हात लावलेला नाही. मावशी लेकीबद्दल काही बोलत नाही. फक्त या खोलीचं दार लोटलेलं दिसलं की उघडते आणि उघडं दिसलं की लोटते.

पियानो लावणारे आजोबा आठवतात? खिशात पेपरमिंट असायची ते? मावशीने त्यांना घालवून दिलं. म्हणाली, "तुम्ही पियानो चढवून ठेवलाय." त्यांनी तो सूर बघायचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, तिच्या कानाशी धरला. "बाई, हा खोटं बोलेल का?" तर मावशी म्हणते, "मग चिमटा बदला."

मला काय, मला मावशीचंच खरं वाटलं. तिचा कान! लहानपणी आपण तिचे डोळे बांधून पट्टी दाबायचो आणि ती मान न वळवता नाव सांगायची. किटलीची शिट्टी, दाराची बेल, शेजारच्यांचा मिक्सर, सगळ्यांचे सूर तिला पाठ. आजोबा म्हातारे झाले, त्यांचा हात गेला असेल, असं धरून चालले. माझ्या पगारातून हप्त्यांवर इलेक्ट्रिक पियानो आणला. आता घरात शांतता आहे.

पहिला प्रयोग २१ मार्चला. ये ना. प्लीज. तिकिटाचं मी बघते.

तुझी,
भोंगा


२६ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, एक ओळ. "तिच्याबद्दल मला काही लिहू नकोस."

बरं. मग माझ्याबद्दल लिहिते.

मी मजेत आहे. मी रोज दुपारी पियानो वाजवते. समोर कोणीतरी उभं राहून गातं. कोण ते सांगत नाही, तूच नको म्हणालीस. तर मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, नवा पियानो आला त्या दिवशी मी एक पट्टी दाबली आणि हे कोणीतरी म्हणालं, "हाही चढा!"

मला हसायलाच आलं. फॅक्टरीतून खोक्यात बंद होऊन आलेला इलेक्ट्रिक पियानो चढा कसा असेल? त्याला काय तारा आहेत? पण कोणीतरी हसत नव्हतं. कोणीतरी पियानोच्या कडेला धरून उभं होतं, आगबोटीत धरतात तसं. "सगळेच चढलेत गं," म्हणाली. "बेल पण. किटली पण. सकाळपासून काहीच आपल्या जागेवर नसतं."

ताई, मी त्या कोणीतरीला असं कधी बघितलं नव्हतं. तू तरी बघितलंयस का? कोरसच्या शेवटच्या रांगेतून सुरुवात केलेली बाई. फिरत्या संगीत नाटकाच्या कंपनीत ट्रंकेवर झोपलेली. आधी दासी, मग सखी, मग नायिका, मग नायिकेची आई, मग फोनच नाही. ते सगळं हसत सांगते ती. नवरा गेला तेव्हासुद्धा ठरलेला प्रयोग केलाच. ती अशी पियानोला धरून उभी.

मग मी काय केलं, तर या पियानोला सगळे सूर खालीवर करायचं एक बटण आहे, ते दाबलं. अर्धा सूर खाली. आणि तीच पट्टी पुन्हा वाजवली.

"हां!" म्हणाली. "आता कसा बरोबर! काय केलंस?"

"सेटिंग बिघडलं होतं," मी म्हटलं. "नवीन वस्तूंचं असंच असतं."

एवढंच. तेव्हापासून ते बटण तसंच आहे. रियाज मस्त चाललाय, घरात गुणगुणणं सुरू झालंय, परवा तर भांडी घासताना नाचली. मी चांगलंच केलं ना? तू इथे असतीस तर तूही तेच केलं असतंस.

बरं, तूच सांग, अर्धा सूर म्हणजे असा कितीसा असतो?

फक्त एक गोष्ट अधूनमधून मनात येते. ऑपेरा हाऊसच्या पियानोला बटण नाही. ऑर्केस्ट्राला तर नाहीच नाही.

असो. माझी बाकी तब्येत उत्तम.

भोंगा


१७ फेब्रुवारी

ताई,

ते कोणीतरी-कोणीतरी आता पुरे. तुझ्या आईबद्दल लिहिणार आहे. रागव, पत्र फाड, पण आधी वाच.

रिहर्सल सुरू झाल्या. कंडक्टर तरुण आहे, नम्र आहे, सगळ्यांना 'जी' म्हणतो. (माझे बाबा अजून विचारतात, तिकिटं कधी फाडतो गं तो?) पहिले काही दिवस काहीच कळलं नाही, कारण त्या दिवसांत कोणी पूर्ण आवाजात गातच नाही. गळा वाचवायचा असतो, म्हणून मोठमोठे गायकसुद्धा नुसतं पुटपुटतात. मावशीही पुटपुटायची. पियानो सोबत असला की ती त्याच्या मागोमाग जाते. तोंड मात्र कडू औषध प्यायल्यासारखं. मी म्हटलं, जमतंय की! सवय होईल!

काल तिचं शेवटचं गाणं पहिल्यांदा पूर्ण आवाजात घेतलं. त्या खोलीत एरवी कोणी ना कोणी खात असतं, फोन बघत असतं. तिने पहिली ओळ घेतली आणि सगळे थांबले. सुतार दारात हातोडी घेऊन उभा राहिला. काय गायली, ताई! एकेक दिवा विझताना दिसत होता. स्टेज नाही, दिवे नाहीत, ट्यूबलाइटखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि मला रडायला यायला लागलं.

मग शेवटचा सूर. तिने धरला. आणि त्याखाली पियानो आला.

दारात बोट चेमटलं की कसं होतं? तसं झालं. सगळ्या खोलीला एकदम.

ती अर्धा सूर खाली होती. पूर्ण गाणंच. एकटी गात होती तोवर कोणाला कळायचं कारणच नव्हतं, सगळं आपापसांत जुळत होतं. पियानो आला आणि कळलं.

कंडक्टर म्हणाला, "पुन्हा घेऊया का, जी?" पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मावशी म्हणाली, "तुमचा पियानो चढलाय." वाजवणारा बिचारा म्हणाला की सकाळीच लावून घेतलाय. मावशीने सगळ्यांकडे पाहिलं. सगळे कुठे ना कुठे बघायला लागले. मी माझ्या बुटांकडे.

कुजबुज काकू आठवतात तुला? प्रॉम्प्टर. स्टेजच्या कडेला खड्ड्यात बसतात, फक्त डोकं वर, आणि गायकांना पुढची ओळ सांगतात. मावशीच्या कोरसच्या रांगेपासूनच्या मैत्रीण. त्यांनी मला पॅसेजमधे गाठलं.

"घरी कुठल्या पट्टीत वाजवतेस गं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं.

"अगं बये," म्हणाल्या, "तिच्या पायाखालची फरशी सरकली होती, आणि तू वरून सतरंजी घातलीस!"

कंडक्टरने फार गोड बोलून सांगितलं की एक तरुण गायिका हा रोल बसवून ठेवेल, आपलं असावं म्हणून, काळजीचं काही नाही. तो हे मावशीपासून चांगला लांब, खिडकीशी उभा राहून, हळू आवाजात दुसऱ्याच कोणाला सांगत होता. घरी येताना मावशी म्हणाली, "बघ. सूर ऐकू येत नाही म्हणतात, पण कुजबुज कशी स्वच्छ ऐकू येते मला."

मग मी तिला बटणाचं सांगितलं. सांगावंच लागलं.

तिने कान उपटले असते ना तर मला बरं वाटलं असतं. ती पियानोपाशी गेली, म्हणाली, "दाखव कुठलं." मग तिने स्वतः बटण दाबून एक पट्टी वाजवली. परत बटण, परत तीच पट्टी. वर, खाली, वर, खाली. किती वेळ. मी चहा केला, तो गार झाला. शेवटी म्हणाली, "खरी कुठली ते सांग."

मी सांगितलं.

"ही?" म्हणाली. "ही तर घाण आहे."

उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. तू काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

भोंगा


२ मार्च

ताई,

तू काही लिहिलं नाहीस. मी मात्र लिहिणार आहे, कारण हे पत्र तिच्याबद्दल नाहीये. तुझ्याबद्दल आहे. आरामात बसून वाच.

डॉक्टरने तपासलं. काचेच्या पेटीत बसवून हेडफोन लावून सगळं केलं. म्हणाला, "ऐकू तर तुम्हाला झकास येतं. तुमच्या वयाच्या लोकांपेक्षा चांगलं." मावशीने माझ्याकडे बघून भुवई उडवली, बघ म्हटलं नव्हतं का, अशी. मग त्याने विचारलं, "तुम्ही त्यातल्या आहात का, ज्यांना कुठलाही सूर ऐकून त्याचं नाव सांगता येतं?"

"जन्मापासून."

"मग बरोबर," तो म्हणाला. असा कान असलेल्या काही लोकांचं वय झालं की कानाच्या आतलं माप सरकतं. सगळं जग थोडं चढं ऐकू यायला लागतं. सामान्य माणसाला पत्ताच लागत नाही, कारण त्याला मुळात सुराचं नाव माहीत नसतं. ज्याला माहीत असतं त्यालाच कळतं की सगळं खोटं लागतंय.

मी विचारलं, "मशीन बसवलं तर?"

"मशीनने मोठं ऐकू येईल. खाली नाही येणार."

"औषध?"

त्याने नुसती मान हलवली. चांगला माणूस होता, त्याने उगाच काही लिहून दिलं नाही.

मावशीने एकच विचारलं, "कधीपासून असेल?"

"हे एका दिवसात होत नाही. दहा वर्षं, कदाचित जास्त. आधी कणभर, मग वाढत जातं. तेव्हा तुम्हाला आपलं आपल्याला कळणार नाही. आजूबाजूचे लोकच चढे गातायत असं वाटतं. कोणाला तसं म्हणत होतात का तुम्ही?"

तिने पर्स उचलली, उलटी धरली होती, सगळं खाली पडलं. मी गोळा केलं. बाहेर बाकावर ती एका एक्स-रे घेऊन बसलेल्या माणसाशेजारी बसली आणि म्हणाली, "मग ती..."

तेवढंच. त्या माणसाने बाजूला सरकून तिला आणखी जागा दिली.

ताई, मला तुमचं घर आठवतं. सुट्टीत यायचे ना मी. तू पियानोपाशी आणि आतून तिची हाक, "चढतेयस! उतर!" तू उतरायचीस. "अजून चढतेयस!" तू आणखी उतरायचीस. रोज. मला वाटायचं मोठ्या गायिकेच्या घरी असंच असतं. तुझे कान लाल व्हायचे. वर्षभर, दोन वर्षं, तू तिच्या कानाला पटेल असं गायला शिकलीस.

आणि मग ती ऑडिशन. मी तेव्हा शाळेत होते, पण मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसले होते, मला सगळं आठवतंय. तिथल्या परीक्षकांनी सांगितलं, आवाज छान आहे, पण कणभर उतरते. सगळ्यांनी तेच सांगितलं. आणि मावशी प्रेक्षकांतून उठून म्हणाली, "आज पहिल्यांदा ती अगदी नेमकी गायली!" लोक हसले. आई आहे, बोलणारच. तू बाहेर आलीस, बुटाची नाडी बांधता बांधता मला म्हणालीस, "घरात सोलून काढते आणि चारचौघांत माझ्यासाठी खोटं बोलते."

ती खोटं बोलत नव्हती गं.

तिला तू खरंच नेमकी ऐकू आलीस. तू तिच्या कानापर्यंत पोचली होतीस, शेवटी एकदाची. फक्त तो कान जगापासून कणभर सरकला होता, आणि ते ना तिला माहीत होतं ना तुला. त्याआधी घरी तू जे गात होतीस, जे ती रोज खाली ओढत होती, तेच बरोबर होतं. तुझा कान कधीच चुकला नव्हता.

हे लिहून काय उपयोग, मला माहीत नाही. तू आता तिकडे हवामानाच्या ऑफिसात वारा मोजतेस. सात वर्षांनी कोणी येऊन म्हणालं की तुझं बरोबर होतं, तर माणसाने काय करायचं? मला खरंच कळत नाही. मी कोणाला फोन करून विचारू? आणि मी बटण दाबून तिचं काय केलं, तर तेच केलं जे तिने तुझं केलं. माया म्हणून.

ती काल तुझ्या खोलीत, म्हणजे आता माझ्या, येऊन बसली. पलंगाच्या कडेवर. मला वाटलं काहीतरी बोलेल. म्हणाली, "ही उशी फार पातळ आहे." आणि गेली.

भोंगा


११ मार्च

ताई,

थोडक्यात लिहिते, रिहर्सलला जायचंय.

तिने थिएटरमधे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर रोल त्या दुसऱ्या मुलीकडे जाणार, आणि याच्यानंतर मावशीला कोण बोलावणार आहे? कुजबुज काकूंनी उपाय काढलाय. त्यांचा स्वतःचा कान पक्का आहे. त्या खड्ड्यातून हात दाखवणार. तळवा वर म्हणजे वर चढ, आडवा म्हणजे तिथेच थांब. लोकांना दिसत नाही, फक्त गाणाऱ्याला दिसतं.

मावशी म्हणाली, "आयुष्यात कोणाच्या हाताकडे बघून गायले नाही मी."

काकू म्हणाल्या, "ओळी विसरायचीस तेव्हा माझ्या तोंडाकडे बघायचीस ना? आता हाताकडे बघ. तोंडाला सुरकुत्या पडल्यात, हात अजून बरा आहे."

घरी बटण शून्यावर आहे. रोज करतोय. तिचं बरोबर लागलं की ती तोंड वाकडं करते, आणि चेहरा खुलला की मला कळतं, चुकलं. हे बघणं फार वाईट आहे. मी हात वर करते, ती माझ्याकडे अशी बघते, जणू मी तिला चोरी करायला लावतेय. चढते, पण जिना अंधारात चढतात तशी, पायरी आहे की नाही चाचपत. दहातून निम्म्या वेळा येतं. निम्म्या वेळा तिचा कान जिंकतो.

कालच्या ऑर्केस्ट्रा रिहर्सलला आलं. नशीब म्हणायचं. कंडक्टर खूश, 'वा जी' म्हणाला. मावशीने घरी येऊन दाराची बेल काढून टाकली. आता लोक दार ठोठावतात.

तिकीट सोबत आहे. तिसरी रांग, कडेची खुर्ची. म्हणजे मधेच उठून जावंसं वाटलं तर कोणाच्या पायांवरून जावं लागणार नाही. उत्तर नको देऊस. नुसती ये.

भोंगा


२२ मार्च

ताई,

मी काचेतून सारखी तिसऱ्या रांगेकडे बघत होते. पहिल्या अंकात खुर्ची रिकामी. दुसऱ्या अंकात कोणीतरी कोट ठेवला तिच्यावर. मला उगाच वाटलं तुझा आहे. तो शेजारच्या बाईंचा होता.

तुला सांगते काय झालं ते.

पहिले अंक छान गेले. ऑर्केस्ट्रा सोबत होता, ती त्याला धरून चालली. मग सगळी गिऱ्हाईकं निघून गेली, दार लागलं, आणि ती एकटी उरली. त्या पूर्ण गाण्यात मला काम फारसं नसतं. थोड्याच ओळी, त्याही संथ. एकदा शेवटची ओळ स्क्रीनवर आली की ती तशीच राहते आणि माझा हात बटणावर नुसता पडून असतो. मला इथून ओरडतासुद्धा येत नाही, काच जाड आहे.

तिने सुरू केलं. बरोबर सुरात, कारण आत्ताच ऑर्केस्ट्रा थांबला होता. पहिला दिवा. दुसरा दिवा. तिसऱ्याला मला ऐकू आलं, हळूच घसरायला लागली. इतकं हळू की तुला आणि मला सोडून कोणाला कळलं नसतं. मला तरी कुठे कळतं, पण आता या दोन महिन्यांत माझेही कान तयार झालेत. तिच्या चेहऱ्यावर समाधान आलं ना, त्यावरून कळलं. सगळं जागेवर आल्यासारखं. घरी आल्यासारखं.

मग तिने खाली पाहिलं.

मला काकूंचा हात दिसत नाही माझ्या जागेवरून. पण मावशीचा चेहरा दिसतो. तो असा मिटला, ताई. आणि तिने तो सगळा चांगला, बरोबर वाटणारा सूर सोडला आणि वर गेली. पाण्यात उडी मारल्यासारखं डोळे मिटून नाही, डोळे उघडे ठेवून, त्या हाताकडे बघत. शेवटपर्यंत तिने नजर हलवली नाही. लोकांना वाटलं, म्हातारी रिकाम्या जमिनीकडे बघत गातेय. पेपरात आलंय तसं, 'शून्यात लागलेली नजर'.

शेवटचा दिवा. शेवटचा सूर धरला. मी श्वास धरला.

आणि ऑर्केस्ट्रा आला, आणि बसला. असा बसला, जसं झाकण डब्यावर बसतं. कुठेही फट नाही.

लोक उभे राहिले. मी केबिनमधे एकटी उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि शेवटची ओळ स्क्रीनवरून काढायचीच विसरले.

मेकअपच्या खोलीत गेले तर ती आरशासमोर, कापूस घेऊन तोंड पुसत होती. फुलं आली होती. कंडक्टर येऊन तिच्या हाताचा मुका घेऊन गेला. दार लागल्यावर तिने विचारलं, "बरोबर होतं का?"

"अगदी बरोबर, मावशी. कणभरसुद्धा इकडेतिकडे नाही."

"बरं," म्हणाली. "मला सगळं बेसूर लागलं. तिसऱ्या दिव्यापासून पुढे सगळं. टाळ्यासुद्धा."

मी फुलांचा कागद काढत बसले. ती कापसाने एकच गाल पुसत राहिली. मग म्हणाली, "माझ्या कानाला जे बरोबर होतं ते सोडून दुसऱ्याच्या हाताकडे बघत गायचं. आज मी एकदा केलं. त्या पोरीने दोन वर्षं केलं."

ताई, तिने 'ती पोरगी' म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आज सकाळी तिने स्वतः थिएटरमधे जाऊन सगळं सांगितलं. कानाचं, हाताचं, सगळं. उरलेले प्रयोग ती दुसरी मुलगी करणार आहे. मी रडले, भांडले, म्हटलं अजून चार वेळा जमलं असतं! तर म्हणाली, "भोंग्या, जमलं असतं. पण ऐकायला मला लागलं असतं."

घरी आलो. तिने पियानो झाकला. मग मला विचारलं, "तू तिला लिहितेस ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण माझं तोंड तुला माहितीये.

"मला माहीत होतं," म्हणाली. "शाईचे डाग आहेत तुझ्या चादरीवर. एक निरोप लिही."

कागद घेतला. ती खिडकीशी उभी राहिली, सांगायला सुरुवात केली, थांबली, परत सुरुवात केली. सॉरी वगैरे काही नाही त्यात, आधीच सांगते. तिला ते येत नाही. मी जसाच्या तसा लिहून घेतला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"तिला म्हणावं, ती गाते की नाही ते मला माहीत नाही. गात असेल तर फोनवर गाऊ दे, येणार नसली तरी चालेल. ती बरोबर आहे की चूक, हे आता मला कळणार नाही. त्यामुळे आता मी नुसती ऐकू शकते."

मग तिने विचारलं, "टपाल किती वाजता जातं?"

तुझी,
भोंगा